इंजेक्शन टोचण्याआधीचं अर्धं मिनिट

‘चुकीच्या इंजेक्शनमुळे रुग्णाचा मृत्यू, नातेवाइकांचा आरोप’ ही बातमी अधूनमधून कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यातून येतेच. कधी ती खरंच चूक असते, कधी औषधाची रिॲक्शन असते, कधी आजारच हाताबाहेर गेलेला असतो. चौकशी समिती नेमली जाते आणि विषय तिथेच विरतो. नेमकं काय चुकलं हे वाचणाऱ्याला कळत नाही आणि उद्या तेच इंजेक्शन हातात घेणार असलेल्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यालाही कळत नाही. म्हणून पहिल्या वर्षाच्या वर्गात मी आपल्याकडची बातमी घेत नाही. अमेरिकेतला एक खटला सांगते, कारण त्यात काय काय घडलं ते कोर्टात बारकाईने उलगडलेलं आहे.

डिसेंबर 2017. टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल शहर. मेंदूत रक्तस्राव झालेली 75 वर्षांची बाई, तब्येत सुधारत चाललेली. स्कॅनसाठी खाली नेलं, तर बंदिस्त मशीनची भीती वाटायला लागली. डॉक्टरांनी भीती कमी करायला ‘व्हर्सेड’ लिहिलं, म्हणजे आपल्याकडचं मिडाझोलाम. सिस्टर औषधांच्या कपाटापाशी गेल्या. तिथली कपाटं संगणकावर चालतात, नाव टाइप केलं की कप्पा उघडतो. त्यांनी पहिली दोन अक्षरं टाइप केली, ‘व्ही’ आणि ‘ई’. कपाट त्या वेळी मूळ औषधाच्या नावाने शोधत होतं, ब्रँडच्या नावाने नाही. व्हर्सेड सापडलं नाही. त्यांनी मशीनचा अडसर बाजूला सारला, पुन्हा तीच दोन अक्षरं दाबली, आणि जे पहिलं आलं ते घेतलं. ते होतं व्हेक्युरोनियम. ऑपरेशनच्या वेळी, रुग्ण व्हेंटिलेटरवर असताना, शरीराचे स्नायू लुळे करण्यासाठी देतात ते औषध. श्वासाचे स्नायूसुद्धा त्यातच आले.

आता पुढचं नीट ऐका. व्हर्सेड पातळ असतं, थेट सिरिंजमध्ये ओढायचं. व्हेक्युरोनियम पावडर असते, पाणी घालून विरघळवावी लागते. बाटलीच्या टोपीवरच ‘हे स्नायू लुळे करणारं औषध आहे’ अशी सूचना छापलेली होती. म्हणजे हातातली वस्तूच सांगत होती की मी ती नव्हे. तरी औषध गेलं. दिल्यावर रुग्णाजवळ कोणी थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी बाई गेल्या.

सिस्टरांनी चूक स्वतःहून कबूल केली. तरीही त्यांचा परवाना गेला, फौजदारी खटला चालला, मार्च 2022 मध्ये ज्युरीने दोषी ठरवलं आणि मे महिन्यात तीन वर्षांची प्रोबेशन झाली, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहायचं. जगभरच्या नर्सेस त्या निकालाने हादरल्या. त्या वादाकडे मी शेवटी येईन. आधी प्रश्न हा की त्या दहा-पंधरा मिनिटांत थांबायच्या जागा किती होत्या? वर्गात मोजायला लावते. मुलं पाच-सहा तरी काढतात.

औषध तुमच्यापर्यंत येतं कसं?

डॉक्टर लिहितात, फार्मसीवाला देतो, नर्स रुग्णाच्या शरीरात पोचवते. या तिसऱ्या पायरीला पुस्तकात ‘औषध प्रशासन’ असा भारदस्त शब्द आहे. वॉर्डात कोणी तो वापरत नाही. ‘ट्रीटमेंट दिली का?’ एवढंच विचारतात. मीही इथून पुढे औषध देणं असंच म्हणेन.

पहिल्या दोन पायऱ्यांवर चूक झाली तर ती पकडायला पुढे कोणीतरी असतं. डॉक्टरांनी दहापट डोस लिहिला तर फार्मसिस्टला शंका येऊ शकते, त्याच्या नजरेतून सुटलं तर सिस्टरना येऊ शकते. तुमच्या पुढे मात्र फक्त रुग्णाची शीर असते. धान्य निवडणारी शेवटची बाई जशी, तिच्या हातून खडा सुटला की तो थेट दाताखालीच.

म्हणून पाच गोष्टी पाठ करून घेतात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. पुस्तकागणिक ही यादी सात, दहा अशी वाढत जाते. त्यात योग्य नोंद, रुग्णाचा नकार देण्याचा हक्क, औषधाचा परिणाम पाहणं हेही येतं. परीक्षेत दहाही लिहा. वॉर्डात पाच जरी मनापासून पाळल्या तरी पुष्कळ.

रुग्ण तोच आहे हे कळणार कसं?

हे सगळ्यांत सोपं वाटतं आणि माझी स्वतःची पहिली चूक इथेच होता होता राहिली.

शिकत होते तेव्हाची गोष्ट. बायकांचा मेडिकल वॉर्ड, उन्हाळा, संध्याकाळचे सहा. ट्रेमध्ये 12 नंबरच्या शिंदेबाईंचं लॅसिक्सचं इंजेक्शन. लॅसिक्स म्हणजे लघवी वाढवून अंगातलं पाणी कमी करणारं औषध. 12 नंबरवर बाई झोपलेल्या. मी विचारलं, ‘शिंदे ना?’ त्या म्हणाल्या, ‘हो.’ मी शिरेत बसवलेल्या नळीचं, म्हणजे कॅन्युलाचं, झाकण उघडलंसुद्धा, तेवढ्यात फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘सिस्टर, पंखा इथं लागतो म्हणून या दोघींनी दुपारी खाट बदललीय.’ माझ्यासमोरच्या बाई जुलाबाने अंगातलं पाणी गेलेल्या, सलाईनवर असलेल्या. त्यांना लॅसिक्स म्हणजे कोरड्या विहिरीवर मोटर लावणं. आणि त्यांचं आडनाव शिंदे नव्हतंच. ऐकू कमी यायचं, सिस्टर काही विचारतायत तर ‘हो’ म्हणावं, इतकंच.

तेव्हापासून दोन गोष्टी शिकवते. खाटेचा नंबर ही ओळख नव्हे. आणि ‘तुम्ही अमुक ना?’ असं कधीच विचारायचं नाही. ‘आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा बरं,’ असं विचारायचं, मग हातातला पट्टा आणि केस पेपर पाहायचा. निदान दोन खुणा जुळल्या पाहिजेत: पूर्ण नाव आणि आयपीडी (म्हणजे दाखल रुग्णाचा) नंबर, किंवा नाव आणि वय. आपल्या भागात एकाच वॉर्डात दोन सुनीता पाटील असणं काही नवलाचं नाही.

यात एक खास आपली अडचण आहे. पूर्ण नाव म्हणजे मधे नवऱ्याचं नाव आलं, आणि खेड्यातल्या म्हाताऱ्या बाया ते उच्चारत नाहीत. एक आजी लाजून भिंतीकडे तोंड करायच्या. दुसऱ्या एकींनी उखाणा घेतला, सगळा वॉर्ड हसला. अशा वेळी आग्रह धरू नका. गाव विचारा, बरोबर कोण आलंय ते विचारा, पट्ट्यावरचा नंबर जुळवा. रुग्ण बेशुद्ध असेल, लहान मूल असेल, तर पट्ट्याशिवाय औषध द्यायचंच नाही. पट्टा सुटला असेल तर आधी नवा बांधा.

लेबल तीनदा का वाचायचं?

कपाटातून काढताना एकदा, सिरिंजमध्ये भरण्याआधी एकदा, आणि रिकामी बाटली किंवा अँप्युल (औषधाची फोडायची छोटी कुपी) टाकण्याआधी रुग्णाजवळ एकदा. नव्या मुलांना हा पोरखेळ वाटतो. एकदा वाचलं ना, मग?

माणसाचा डोळा लेबल वाचत नाही, ओळखतो. रोजच्या दुकानात चहाची पुडी आपण नाव वाचून घेत नाही, लाल पाकीट दिसलं की हात जातो. कंपनीने पाकिटाचा रंग बदलला की दोन मिनिटं शोधत बसतो. औषधांतही तेच. डिस्टिल्ड वॉटरचं अँप्युल आणि पोटॅशियम क्लोराइडचं अँप्युल, दोन्हीत पाण्यासारखं पारदर्शक द्रव. पहिलं पावडर विरघळवायला लागतं, दिवसातून पन्नास वेळा हाताळलेलं. दुसरं पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं. ‘हळू दिलं तर चालेल’ असा प्रकार यात नाही. पोटॅशियम नेहमी मोठ्या सलाईनमध्ये नीट मिसळून, ठरलेल्या वेगानेच जातं. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्येच सांगून ठेवलंय की असली तीव्र द्रावणं वॉर्डातल्या नेहमीच्या कपाटात ठेवू नयेत. तुमच्या वॉर्डात ती डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी दिसली तर इनचार्ज सिस्टरना सांगा. आगाऊपणा वाटेल, वाटू द्या.

पोटॅशियम, इन्सुलिन, रक्त गोठू न देणारं हेपॅरिन, मॉर्फीनसारखी गुंगीची औषधं, कॅन्सरची औषधं, स्नायू लुळे करणारी औषधं यांना ‘हाय अलर्ट’ म्हणतात. ती वाईट आहेत असा अर्थ नाही, ती रोज जीव वाचवतात. पण त्यांत चुकलं तर दुरुस्तीला वाव कमी. म्हणून ही भरताना दुसऱ्या सिस्टरला बोलवायचं आणि तिने स्वतंत्रपणे तपासायचं. ‘अगं, वीस युनिट भरलंय, बरोबर ना?’ ही तपासणी नव्हे. तिच्या तोंडात तुम्ही उत्तर घातलंत. ऑर्डर तिने स्वतः वाचावी, आकडा तिने सांगावा.

नावांचाही घोळ असतो. डोपामिन आणि डोब्युटामिन. विनक्रिस्टिन आणि विनब्लास्टिन. सेफोटॅक्सिम, सेफ्टाझिडिम, सेफ्ट्रायाक्झोन ही तर सख्खी भावंडं. फोनवरून ऑर्डर आली तर लिहून घ्या, मग लिहिलेलं मोठ्याने परत वाचून दाखवा आणि पलीकडून ‘बरोबर’ असं ऐकल्याशिवाय फोन ठेवू नका. इंग्रजीतले फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखेच ऐकू येतात; ‘एक-पाच की पाच-शून्य?’ असं विचारा.

गणित: घाबरण्यासारखं काही नाही, पण घाई करण्यासारखंही नाही

एकच सूत्र आहे. हवं तेवढं भागिले आहे तेवढं, गुणिले ते ज्या द्रवात आहे ते मिली. जेंटामायसिनच्या 2 मिली अँप्युलमध्ये 80 मिलिग्रॅम आहे, ऑर्डर 60 ची. 60 भागिले 80 गुणिले 2, म्हणजे 1.5 मिली.

सूत्र लावण्याआधी मी मुलांना अंदाज सांगायला लावते. 60 हे 80 पेक्षा कमी, म्हणजे उत्तर 2 मिलीपेक्षा कमीच यायला हवं. घाईत आकडे उलटे घातले तर 2.67 येतं, आणि अंदाज आधी केला असेल तर तिथेच जीभ चावली जाते. कॅल्क्युलेटर भागाकार करून देतो, पण तो कधी शंका घेत नाही.

खरी गंमत लहान मुलांच्या औषधात आहे. 10 किलोचं बाळ, ताप, पॅरासिटॅमॉल किलोमागे 15 मिलिग्रॅम, म्हणजे 150 मिलिग्रॅम. बाजारात तीन बाटल्या मिळतात. एकीवर 5 मिलीत 125 मिलिग्रॅम, तिचे द्यायचे 6 मिली. दुसरीवर 5 मिलीत 250, तिचे 3 मिली. तिसरी थेंबांची बाटली, 1 मिलीतच 100, तिचे दीड मिली. औषध एक, बाळ एक, पण मोजमाप चौपट बदललं. आईला ‘एक चमचा द्या’ असं सांगून घरी पाठवणं म्हणजे कोणत्या बाटलीचा आणि कोणत्या चमच्याचा, हे नशिबावर सोडणं. आपल्या घरात पोह्याचा चमचा वेगळा, चहाचा वेगळा. बाटलीबरोबरचं माप दाखवून त्यावर पेनाने रेघ मारून द्या.

ही तीव्रतेची भानगड समजायला कोकमाचं आगळ आठवा. आगळ आणि सरबत, रंग जवळपास सारखा. पण पेलाभर सरबत पिता येतं, पेलाभर आगळ कोणी पिऊन दाखवावं. इन्सुलिनचं नेमकं असंच आहे. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा 1 मिलीत 40 युनिटचं असतं, त्याची सिरिंज लाल टोपीची. पेनमधलं आणि काही बाटल्यांतलं 100 युनिटचं, त्या बाटल्यांची सिरिंज केशरी टोपीची. 100 च्या बाटलीतून लाल टोपीच्या सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत ओढलं तर आत 50 युनिट आली. रुग्णाची साखर रात्री कोसळणार. उलट केलं, तर 20 ऐवजी 8 च गेली आणि सकाळी साखर चढलेली पाहून कोणीतरी डोसच वाढवणार. त्यामुळे लाल की केशरी, हे बाटलीवरच्या आकड्याशी जुळवल्याशिवाय सुई टोचू नका.

सलाईनचं गणित शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना पटकन जमतं, कारण ठिबकचा हिशोब घरी चालतो: ताशी किती, किती तास. सलाईनच्या सेटच्या पाकिटावर छापलेलं असतं की 1 मिलीचे किती थेंब. मोठ्यांच्या सेटवर बहुधा 20, मायक्रो सेटवर 60. 500 मिली चार तासांत द्यायचंय: 500 गुणिले 20, भागिले 240 मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण 42 थेंब. घड्याळासमोर धरून पंधरा सेकंदांत दहा-अकरा थेंब पडतात का पाहायचं. आणि अर्ध्या तासाने पुन्हा पाहायचं, कारण रुग्णाने हात दुमडला की वेग बदलतो. नातेवाईक चाकाशी खेळून ‘लवकर संपवतात’, तो वेगळाच त्रास.

लिहिताना एक शून्य माणूस मारतं. अर्धा मिलिग्रॅम लिहायचा तर दशांशचिन्हाआधी शून्य हवंच: 0.5. नुसतं .5 लिहिलं आणि टिंब पुसट झालं की 5 झाले. उलट, पूर्ण आकड्यापुढे 1.0 असं लिहू नये. टिंब हरवलं की 10. इन्सुलिनच्या ऑर्डरीत युनिट हा शब्द पूर्ण लिहावा, कारण इंग्रजी ‘यू’ शून्यासारखं दिसतं.

आणखी एक आडाखा. एका डोससाठी तीन-चार अँप्युलं फोडावी लागत असतील तर थांबा, हिशोब पुन्हा करा. कंपन्या अँप्युल नेहमीच्या डोसच्या आसपासच भरतात. याला आमच्या ग्रामीण भागात एक मोठा अपवाद आहे: कीटकनाशकाची विषबाधा. तिथे विषावरच्या उताऱ्याची, म्हणजे ॲट्रोपिनची, 0.6 मिलिग्रॅमची अँप्युलं एकामागून एक फोडावी लागतात. 3 मिलिग्रॅम म्हणजे पाच अँप्युलं, आणि फरक पडला नाही तर पाच-दहा मिनिटांनी दुप्पट. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा झालेले शेतकरी ज्यांनी सांभाळले, त्यांना हे वेगळं सांगायला नको. आडाखा ‘थांबून विचार’ एवढंच सांगतो. विचारल्यावर डॉक्टर ‘हो, पाचच’ म्हणाले, तर भराभर फोडा.

गोळी, जिभेखाली की शिरेत?

गोळी गिळणं म्हणजे लाल एसटीने जाणं. पोट, आतडं असे थांबे घेत जायचं, आणि रक्तात शिरण्याआधी यकृताचा टोलनाका. तिथे बऱ्याच औषधांचा मोठा हिस्सा कापला जातो. छातीत दुखणाऱ्या रुग्णाला सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायला देतात ते हा नाका चुकवण्यासाठी. जिभेखालून ते थेट रक्तात जातं. ते गिळलं तर उशीर होतो. शिरेतलं इंजेक्शन म्हणजे थेट स्टेशनात उतरणं: परिणाम तत्काळ, आणि दिल्यावर परत घेता येत नाही.

म्हणून एकाच औषधाचा तोंडाचा डोस आणि शिरेतला डोस वेगळा असू शकतो. मार्ग लिहिलेला नसेल तर अंदाज करायचा नाही, विचारायचं. विनक्रिस्टिन हे कॅन्सरचं औषध शिरेतून देतात. तेच चुकून पाठीच्या कण्यातल्या पाण्यात गेलं तर रुग्ण बहुतेक वेळा वाचत नाही. जगात हे एकदा नाही, अनेकदा घडलंय. त्यामुळे आता ते सिरिंजऐवजी छोट्या सलाईनच्या पिशवीतून द्या असं सांगतात. पिशवी चुकूनसुद्धा कोणी पाठीला लावत नाही.

नाकातून नळी असलेल्या रुग्णाला गोळ्या कुटून देण्याची पद्धत आहे. सगळ्या गोळ्या कुटायच्या नसतात. पाकिटावर एसआर, एक्सआर, सीआर असं काही असेल तर ती गोळी हळूहळू, तासन्‌तास विरघळण्यासाठी बनवलेली असते. खलबत्त्यात घातली की दिवसभराचा डोस एकदम.

इंजेक्शनच्या कोनांवर प्रॅक्टिकलला प्रश्न येतोच: कातडीत 10 ते 15 अंश, कातडीखाली 45 ते 90, स्नायूत 90. यात मला फक्त ढुंगणावरच्या इंजेक्शनबद्दल बोलायचंय. वरचा बाहेरचा चौथा भाग, तिथेच. खाली किंवा आत सरकलात तर पायाकडे जाणारी सायटिक नस आहे. तिला इजा झाली की पाऊल लुळं पडतं. साडीवरून, परकर थोडा सरकवून, अंदाजाने टोचू नका. पडदा ओढा, जागा नीट उघडी करा, बोटांनी हाड चाचपा. बाळांना तर तिथे द्यायचंच नाही, मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात द्यायचं.

‘टीडीएस’ म्हणजे सकाळ, दुपार, संध्याकाळच ना?

टीडीएस म्हणजे दिवसातून तीनदा, पण प्रत्येक वेळी सकाळ, दुपार, संध्याकाळ असं नाही. शरीर म्हणजे बुडाला छिद्र असलेला हौद समजा. औषध ओतलं की पातळी चढते, मग हळूहळू उतरते. काही अँटिबायोटिक्सना पातळी एका रेघेच्या वर सतत ठेवावी लागते. सकाळी 8, दुपारी 2, रात्री 8 असे डोस दिले तर रात्रीचे बारा तास हौद रिकामा आणि जंतूंना मोकळं रान. म्हणून दर आठ तासांनी म्हटलं तर 6, 2, 10. रुग्णाची झोपमोड होते, पण इलाज नाही.

वेळेतली सगळ्यांत घातक चूक मेथोट्रेक्सेटची. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. रोज घेतलं गेलं तर रक्तातल्या पेशी घटतात, तोंड येतं, जीवही जातो. चार्टवर वार लिहा. ‘दर सोमवारी’ असं पूर्ण मराठीत रुग्णाच्या कागदावर लिहा.

‘डॉक्टरांनी लिहिलंय, मग जबाबदारी त्यांची’

दरवर्षी कोणीतरी हे म्हणतंच. लिहिण्याची जबाबदारी त्यांची, देण्याची तुमची. पेनिसिलिनची ॲलर्जी केस पेपरवर लाल शाईत असताना तुम्ही ॲमॉक्सिसिलिन दिलंत, तर ‘लिहिलं होतं’ हे उत्तर पुरत नाही. 2016 मध्ये मेडिकल कौन्सिलने डॉक्टरांना औषधं सुवाच्य, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहायला सांगितलं. वॉर्डातली अक्षरं पाहता अजून मोठा पल्ला बाकी आहे. वाचता येत नसेल तर ‘असेल बहुतेक’ चालत नाही.

रात्री दोनला आरएमओंना, म्हणजे निवासी डॉक्टरांना, उठवायची मुलांना भीती वाटते. ‘सर, तुमची ऑर्डर चुकली’ असं म्हणायची गरज नसते. ‘सर, 7 नंबरचा पोटॅशियमचा रिपोर्ट 5.8 आलाय, सलाईनमधलं पोटॅशियम चालू ठेवायचं का?’ एवढं म्हणा. 5.8 म्हणजे पोटॅशियम आधीच जास्त; आकडा सांगितला की झोपेतला माणूसही उठून बसतो. तरीही ‘दे म्हणतो ना’ असं आलं आणि तुमचं समाधान होत नसेल, तर इनचार्जना सांगा, आणि विचारलं होतं हे वेळेसह लिहून ठेवा.

टेस्ट डोसबद्दल इथेच सांगते. कातडीत थोडं औषध घालून वीस मिनिटांनी गाठ आली नाही, म्हणजे रिॲक्शन येणारच नाही अशी हमी मिळत नाही. पहिला डोस देताना ॲड्रिनॅलिन, म्हणजे जिवावरच्या रिॲक्शनवरचं पहिलं औषध, हाताशी आहे का पाहा, आणि दिल्यावर रुग्णाजवळ थांबा. अंगावर पित्ताच्या गांधी उठणं, ओठ सुजणं, घोगरा आवाज, धाप, बीपी कोसळणं दिसलं तर औषध बंद, हाक, आणि ॲड्रिनॅलिन. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. आधी ॲव्हिल हे ॲलर्जीचं औषध, आधी हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड असं करत बसण्यात मौल्यवान मिनिटं जातात.

‘चाळीस पेशंट आणि एक सिस्टर. हे सगळं करायला वेळ कुठे?’

हा आक्षेप खोटा नाही. सरकारी वॉर्डात खाटांपेक्षा गाद्या जास्त असतात आणि ट्रीटमेंटच्या वेळेलाच नातेवाईक ‘सिस्टर, सलाईन संपलं’ म्हणून हाक मारतात. मनुष्यबळ कमी असणं ही नर्सची चूक नाही, आणि ती सुजाण शिक्षिकेने नर्सच्या माथी मारू नये.

पण वेळेचा हिशोब मी एकदा घड्याळ लावून केला. नाव विचारणं, पट्टा पाहणं, लेबल परत वाचणं, यात अर्धं मिनिटसुद्धा गेलं नाही. वेळ खरा जातो तो अर्धवट सोडून परत येण्यात. औषध भरता भरता फोन घेतला, आलात, आता सिरिंजमध्ये काय आहे? लेबल नसलेली भरलेली सिरिंज दिसली तर ती कोणाचीही असो, टाकून द्या. दुसऱ्याने भरलेलं देऊ नका. ट्रेमध्ये चार जणांची इंजेक्शनं एकदम भरून फेरी मारणं झटपट वाटतं, पण ट्रे तिरका झाला की चारही सारखी दिसतात. काही देशांत औषध देणाऱ्या नर्स ‘बोलू नका’ लिहिलेलं जाकीट घालतात. आपल्याकडे तसं जाकीट घातलं तर चौकशीलाच गर्दी होईल. एक हात वर करून ‘दोन मिनिटं, दादा’ पुरतं.

बारकोड आणि संगणकाने हे सगळं सुटेल असंही म्हणतात. मदत होते, निश्चित. पण नॅशव्हिलमध्ये संगणक होता, कपाट होतं, आणि अडसर बाजूला सारायचं बटणही होतं. तिथे त्या दिवसांत ते बटण दाबणं रोजचंच झालं होतं, असं बचावाचं म्हणणं होतं.

चूक झालीच तर?

आधी रुग्णाकडे पाहा. नाडी, श्वास, बीपी. मग लगेच डॉक्टर आणि इनचार्ज. मग लिहा: काय दिलं, किती, किती वाजता, रुग्ण कसा आहे. खाडाखोड नाही, आणि न दिलेल्या औषधाच्या चौकटीत सही नाही. सही दिल्यानंतरच करायची. आधी करून ठेवलेली सही ही वॉर्डातली सगळ्यांत जुनी खोटी साक्ष आहे.

इथे तो नॅशव्हिलचा वाद येतो. कबूल करणाऱ्या नर्सवर खटला चालवला तर पुढची नर्स कबूल का करेल, असं जगभरच्या संघटना म्हणाल्या. रुग्णाच्या बाजूने विचार करणारे म्हणाले, इतक्या सूचना डावलल्या तर नुसतं ‘सिस्टिमची चूक’ कसं म्हणायचं? मला दोन्ही बाजू कळतात, आणि वर्गात मी निकाल देत नाही. एवढं मात्र दिसतं की लपवलेली चूक वॉर्डात पुन्हा घडते, कारण ते अँप्युल त्याच जागी राहतं.

औषधाचा अनपेक्षित दुष्परिणाम दिसला तर तो कळवण्याची सोय देशपातळीवर आहे. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनचा कार्यक्रम 2010 पासून चालतो. 1800-180-3024 हा मोफत क्रमांक आहे, आणि डॉक्टरांइतकाच तो नर्सेसनाही खुला आहे.

माझ्या त्या लॅसिक्सच्या संध्याकाळी मी काही लिहिलं नाही. औषध गेलंच नव्हतं ना, मग काय लिहायचं, असं वाटलं. ते इंजेक्शन खऱ्या शिंदेबाईंना दिलं, त्या पंख्याखाली नव्हत्या म्हणून घामाघूम होत्या. रात्री ओव्हर देताना, म्हणजे ड्यूटी पुढच्यांकडे सोपवताना, मोठ्या सिस्टरना सगळं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. खाटांचे नंबर लिहिलेली चिकटपट्टी घेतली, दोघींच्या उशाशी जाऊन नावं लिहिली, आणि मावशींसाठी चहा मागवला.